एमआरआय नॉर्मल, तरी मेंदूला सूज? सोळा वर्षांच्या भाचीबद्दल एका आत्याचा प्रश्न

ताई, तुमचा प्रश्न लांब आहे. बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही इंदूरला, भाऊ देवासला. भाची सोळा वर्षांची, अकरावीत. बारा-तेरा दिवसांपूर्वी ताप आणि डोकेदुखी झाली, तीन दिवसांत उतरली. मग झोप उडाली. मैत्रिणींनी माझा फोन बदलला, वर्गातल्या मुली भिंतीपलीकडून माझ्याबद्दल बोलतात, असं म्हणायला लागली. मध्येच हसायची, मध्येच रडायची. तिथल्या डॉक्टरांनी मनाच्या आजाराचं औषध सुरू केलं, त्यानंतर अंग ताठरलं. आता दोन दिवस एका शब्दापलीकडे बोलत नाही. एमआरआय नॉर्मल. घरातले निम्मे म्हणतात बाहेरचं आहे, जावऱ्याला हुसैन टेकरीच्या दर्ग्यावर न्या. निम्मे म्हणतात अभ्यासाचा ताण. शेजारच्या मुलानं मोबाइलवर वाचून ऑटोइम्यून एन्सेफलायटिस, म्हणजे आपल्याच रोगप्रतिकारशक्तीमुळे मेंदूला येणारी सूज, हे नाव काढलं. तुम्ही विचारताय: एमआरआय नॉर्मल असताना हे असू शकतं का, रक्ताची तपासणी पुरते का, आणि मुलीचं वर्ष जाईल का.

पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं नाही. तिसऱ्याकडे शेवटी येते. पण पुढचं वाचायच्या आधी भावाला फोन करा आणि आजच तिला अशा दवाखान्यात हलवायला सांगा जिथे मेंदूचे डॉक्टर आहेत आणि आयसीयू आहे. इंदूरचं सरकारी एमवाय असो की खाजगी, तो मुद्दा नाही. ताप, मग भ्रम, मग औषधानं ताठरणं, मग बोलणं बंद, आणि हे सगळं दोन आठवड्यांच्या आत, हा क्रम ऐकल्यावर मी कुठल्याही मुलीला घरी ठेवणार नाही. या आजारात नाडी आणि बीपी वरखाली होतात, कधी श्वासही मंदावतो. ते रात्री घरात कुणाच्या लक्षात येत नाही.

आता सविस्तर. मी मानसोपचाराची डॉक्टर, मेंदूची नाही, हे आधीच सांगते. पण या मुली पहिल्यांदा आमच्याच ओपीडीत येतात, आणि चुकायची पहिली संधीही आम्हालाच मिळते. मी ती घेतलेली आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलते. पंधरा वर्षांची मुलगी, मराठी घर. पंख्यातून शाळेतल्या बाई माझं नाव घेतात, म्हणाली. चार रात्री झोप नाही. मी तिला वीस मिनिटं तपासलं, अचानक सुरू झालेला सायकोसिस (भ्रम-भासांचा मानसिक आजार) असं लिहिलं आणि त्यावरचं हॅलोपेरिडॉल हे औषध दिलं. तिसऱ्या दिवशी ताप, अंग लाकडासारखं, घाम. औषधाची गंभीर प्रतिक्रिया म्हणून मी ते बंद केलं, ॲडमिट केलं, आणि मनातून निश्चिंत झाले, कारण माझ्याकडे एक स्पष्टीकरण होतं. नवव्या दिवशी रात्रपाळीची सिस्टर म्हणाली, "मॅडम, तोंडात काही नसतानाही ही सारखी चघळते." मी जाऊन बघितलं. ओठ पुढे यायचे, मागे जायचे, जीभ गालात फिरायची, मध्येच जबडा उघडायचा. मला वाटलं हेही हॅलोपेरिडॉलचंच.

आईला विचारलं, हे कधीपासून? तिला तारीख सांगता येईना. म्हणाली, मी लिहून ठेवते. दुसऱ्या दिवशी वडील स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयचं पान भिंतीवरून काढून, घडी घालून घेऊन आले. मराठी घरातल्या कालनिर्णयवर काय काय असतं तुम्हाला माहीत आहे. दूध नाही, गॅस आला, बाई रजेवर. त्यातच बारीक अक्षरात: "डोकं दुखतं, क्रोसिन." दोन दिवसांनी: "झोप नाही." मग: "चहात मीठ घातलं." मग: "पोळीला काय म्हणतात आठवेना." आणि माझ्याकडे आणण्याच्या दोन दिवस आधीच्या चौकोनात: "तोंड हलवते. उजवा हात उडाला, बाथरूममध्ये."

म्हणजे तोंड माझ्या औषधाआधी हलत होतं. हात उडाला ती फिट होती. मी तोंडाचं विचारलं नव्हतं, हाताचं विचारलं नव्हतं, मी फक्त पंख्यातल्या आवाजाचं विचारलं होतं. ते पान बघितल्यावर न्यूरॉलॉजिस्टना बोलवायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. तोवर नऊ दिवस गेले होते.

या आजाराचं निदान अँटिबॉडीच्या रिपोर्टवर होतं असा समज आहे. माझा अनुभव असा की ते तारखांवर होतं. रिपोर्ट नंतर शिक्का मारतो.

आजार काय, ते दोन ओळींत सांगते. आपलीच रोगप्रतिकारशक्ती मेंदूतल्या पेशींवरच्या एखाद्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी बनवते. किशोरवयात त्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रकार एनएमडीए रिसेप्टरचा; रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं संदेश घेणारं प्रथिन. २००७ साली जोसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी १२ बायका-मुलींमध्ये तो ओळखला. अँटिबॉडी चिकटली की रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढला जातो. पेशी मरत नाही, तिचं कामकाज बिघडतं. भूलतज्ज्ञांना केटामाइन हे भुलीचं औषध माहीत असतं. तेही याच रिसेप्टरला अडवतं, आणि केटामाइनमधून जागा होणारा माणूस कधीकधी जे भलतंसलतं बघतो, बोलतो, त्याची आणि या मुलींची जातकुळी एकच.

एमआरआय नॉर्मल का येतो ते यातूनच कळेल. खोलीच्या फोटोत पंखा दिसतो, चालू आहे की बंद ते दिसत नाही. २०१३ साली ५७७ रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत १८ वर्षांखालचे ३७ टक्के होते. एमआरआयमध्ये दोष फक्त ३३ टक्क्यांना दिसला. ईईजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युत लाटांच्या तपासणीत, ९० टक्क्यांना, पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात ७९ टक्क्यांना. तेव्हा "एमआरआय नॉर्मल, म्हणजे मनाचंच" हे वाक्य कुणी ऐकवलं तर शांतपणे विचारा, ईईजी झाला का?

क्रम साधारण असा असतो. आधी सर्दी-तापासारखं काहीतरी. मग काही दिवसांत ते दोन आठवड्यांत वागणं बदलतं, आणि झोप बऱ्याचदा पहिली जाते. मग मेंदूची उघड लक्षणं येतात. बोलणं आटतं. आधी भरभर, मग तुटक, मग आपलंच वाक्य परत परत, मग गप्प. फिट येते. तोंड, जीभ, बोटं चालत राहतात. हात वर केला तर तसाच राहतो. नाडी धावते, तोंडातून लाळ गळते, कधी शुद्ध हरपत जाते. २०१६ साली ठरलेल्या निकषांत वागणं, बोलणं, फिट, हालचाली, शुद्ध आणि नाडी-श्वास असे सहा गट आहेत. तीन महिन्यांच्या आत त्यांतले चार आले, ईईजी किंवा पाठीचं पाणी बिघडलेलं असलं आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर अँटिबॉडीचा रिपोर्ट यायच्या आधीच हा आजार बहुधा आहे असं धरतात. तुमच्या भाचीचं तुम्ही लिहिलंय त्यात वागणं आणि बोलणं हे दोन गट उघड आहेत. ताठरणं मी तूर्त औषधाच्या खात्यावर ठेवते, पण पूर्ण नाही.

मेंदूचं एकही लक्षण न येता फक्त मानसिक लक्षणांवर हा आजार संपला असं क्वचित होतं. ५७१ रुग्णांच्या एका मालिकेत असे २३ होते, आणि त्यांतले पहिल्याच आजारपणात असे फक्त ५, बाकीच्यांचं आजार उलटल्यावर झालं होतं. याचा उपयोग दोन्ही बाजूंनी होतो. पहिल्या आठवड्यात फक्त भ्रम दिसतोय म्हणून नाकारू नका, उद्या तोंड हलेल. पण सहा महिने, वर्षभर फक्त भ्रमच आहे, बाकी काही नाही, तर हे नाव चिकटवण्याआधी दहादा विचार करा.

हे मुद्दाम लिहिते, कारण हल्ली उलटी चूकही बघते. एका मुलाला दोन वर्षं हळूहळू एकलकोंडेपणा, शाळा सुटलेली, आवाज ऐकू येतात. कुणीतरी रक्तातल्या अँटिबॉडीचं मोठं पॅनल केलं, थायरॉइडच्या अँटिबॉडी थोड्या वाढलेल्या सापडल्या, आणि स्टेरॉइड सुरू झालं. थायरॉइडच्या अँटिबॉडी कितीतरी निरोगी माणसांतही सापडतात. मुलगा सुधारला नाहीच, स्टेरॉइडनं आणखी बिथरला. त्याला स्किझोफ्रेनिया होता, त्याची औषधं दिल्यावर तो कॉलेजात बसायला लागला. मानसिक आजार हे निदान कमीपणाचं नाही हो, ताई. "मेंदूचं निघालं तर बरं, मनाचं नको" असं आईवडील माझ्यासमोर म्हणतात, तेव्हा मला वाईट वाटतं.

रक्ताच्या तपासणीबद्दल. या आजारात रक्त फसवतं. २०१४ च्या एका अभ्यासात या रुग्णांच्या पाठीच्या पाण्यात अँटिबॉडी सगळ्यांना सापडली, रक्तात मात्र सुमारे ८५ टक्क्यांना. म्हणजे सातातली एक मुलगी फक्त रक्त तपासून "निगेटिव्ह" म्हणून घरी जाईल. उलट, रक्तात जेमतेम पॉझिटिव्ह आणि पाण्यात काही नाही, तर तो निकाल खोटाही असू शकतो. म्हणून दोन्ही एकाच दिवशी पाठवायचं.

आणि इथेच घर अडतं. पाठीतून पाणी काढायचं म्हटलं की आजी उठून बसते: पाय जातील. पाय जात नाहीत. सुई कमरेच्या खालच्या मणक्यांमध्ये घालतात, तिथवर मज्जारज्जू आलेलाच नसतो, तो वरच संपतो. डोळे आणि स्कॅन बघून दाब वाढलेला नाही ना याची खात्री करतात, मग कुशीवर पाय पोटाशी घेऊन झोपवतात. काही मिली पाणी लागतं. नंतर एकदोन दिवस डोकं दुखू शकतं. चिडलेल्या मुलीला थोडं झोपेचं औषध द्यावं लागतं. सहीचा कागद वडिलांच्या हातात अर्धा दिवस फिरत राहतो आणि तो अर्धा दिवस फुकट जातो. तुम्ही मोठ्या आहात, तो वाचवा.

त्या पाण्यात फक्त अँटिबॉडी बघायची नसते. पेशी, प्रथिनं, साखर, टीबी, आणि हर्पिस विषाणूचं पीसीआर. हर्पिसचा रिपोर्ट येईपर्यंत बहुतेक डॉक्टर ॲसायक्लोव्हिर सुरू करतात, ते बरोबर आहे. आणखी एक गोष्ट: हर्पिसचा मेंदूज्वर बरा होऊन काही आठवड्यांनी मुलगा पुन्हा बिघडला, तर तो दरवेळी विषाणूच परतलेला नसतो. २०१८ च्या एका अभ्यासात अशा मेंदूज्वरानंतर २७ टक्क्यांना ऑटोइम्यून एन्सेफलायटिस झाला.

आपल्या भागात या नावाआधी आणखी काही दारं ठोठवावी लागतात. विल्सनचा आजार, म्हणजे तांबं साचणं: हस्ताक्षर बिघडतं, लाळ येते, डोळ्याच्या कडेला तपकिरी कडं. डोळ्यांचे डॉक्टर पाच मिनिटांत बघतात, त्याला फार खर्च नाही. लहानपणी गोवर झालेल्या मुलांत एसएसपीई, म्हणजे गोवराच्या विषाणूनं वर्षांनी होणारा मेंदूचा आजार: मार्क महिनोनमहिने घसरतात, हातातून भांडी पडतात, ठरावीक अंतरानं अंगाला हिसका बसतो. मेंदूचा टीबी, टेपवर्मच्या गाठी, मुलींमध्ये ल्यूपस, मेंदूत चढलेला मलेरिया. आणि हसू नका, भांग. रंगपंचमीच्या गेरीनंतर, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीनंतर, दरवर्षी एकदोन मुलं भेदरलेली, बडबडत आणली जातात. भांग असेल तर बहुधा दोन दिवसांत उतरतं. धोतऱ्यात बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडं पडतं. दोन आठवडे चढत जाणारं सहसा नुसत्या भांगेचं नसतं.

ईईजीबद्दल थोडंच. लाटा मंदावलेल्या दिसल्या तर मेंदूकडे बोट जातं. काही रुग्णांत डेल्टा ब्रश नावाचा खास नमुना दिसतो, दिसला तर मोठी मदत. पण झोपेच्या आणि मनाच्या औषधांनीही लाटा बदलतात, म्हणून कोणती औषधं चालू आहेत ते टेक्निशियनला सांगा. एकदा नॉर्मल आला तर परत करायला सांगा.

सोनोग्राफी का करतात, तेही घरच्यांना आधी सांगा. मोठ्या मुलींत आणि तरुण बायकांत अंडाशयात टेराटोमा नावाची गाठ असू शकते, आणि अँटिबॉडी तिच्यामुळेच तयार होत असते. गाठ काढणं हाच मग मोठा उपचार. मुलग्यांत आणि लहान मुलींत ती क्वचित. या गाठीत केस असतात, कधी दातही. मी एकदा हे न सांगता ऑपरेशन होऊ दिलं. सर्जननं वडिलांना गाठ दाखवली आणि घरी आजीनं निकाल दिला: पोटातून केस निघाले, म्हणजे करणीच. पुढचे दोन महिने त्या घरात गोळ्यांपेक्षा अंगारा जास्त लागला. म्हणून आता आधीच सांगते: जिथून बाळ घडतं त्याच पेशी वाट चुकतात, म्हणून केस.

हुसैन टेकरीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला कळलं. मी नको म्हणणार नाही. श्रद्धेशी भांडून पेशंट परत येत नाही, हे मालव्यात तीस वर्षांत शिकले. नंतर न्या, बरी झाल्यावर चालत न्या. आता जावऱ्याच्या वाटेवर तिला फिट आली तर गाडीत कुणी काही करू शकणार नाही.

तपासण्यांच्या काळात औषधांचं काय? या मुलींना हॅलोपेरिडॉलसारखी औषधं सोसत नाहीत, ताठरतात, ताप चढतो, रक्तात सीपीके (स्नायूंना इजा झाल्याची खूण) वाढतं. तुमच्या भाचीचं तेच झालं असेल. कोणतं औषध, किती, कुठल्या तारखेला दिलं, हे पाकिटासकट न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. स्वतःहून काही चालू-बंद करू नका. मी स्वतः आता अशा संशयात लोराझेपामसारखं औषध आधी वापरते. आखडून गप्प झालेली मुलगी त्यानं कधीकधी तासाभरात पाणी मागते. पण त्यावरून "मनाचंच होतं" असं मात्र ठरत नाही.

मुख्य उपचार लवकर सुरू झाला तर फरक पडतो, म्हणून जंतुसंसर्ग पुरेसा वगळला गेला की अँटिबॉडीच्या रिपोर्टसाठी थांबत नाहीत. शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन तीन ते पाच दिवस, हे स्टेरॉइड, सोबत इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी) किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलणं. इम्युनोग्लोब्युलिन वजनाच्या किलोमागे २ ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या मुलीला १०० ग्रॅम, पाच ग्रॅमच्या वीस बाटल्या. हे महाग आहे, भावाला आधीच सांगा, आणि प्लाझ्माचा पर्याय मोकळेपणानं विचारायला लावा. दोनेक आठवड्यांत उतार नसेल तर रिटुक्सिमॅब. पुढचं न्यूरॉलॉजिस्ट बघतील.

तुम्ही आज काय करू शकता ते सांगते. भावजयीला कालनिर्णय घेऊन बसवा. ताप कधी, पहिली न झोपलेली रात्र कधी, पहिलं विचित्र वाक्य कधी, पहिली गोळी कधी. अंदाज चालेल, "एकादशीच्या आदल्या दिवशी" असंही चालेल. रात्री तोंड, हात, डोळे हलताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा. डॉक्टर राउंडला येतात तेव्हा नेमकी ती शांत असते. कुणी विचारलं नाही तरी ते पान आणि व्हिडिओ पुढे करा. डॉक्टर रागावले तर रागावू द्या.

आता वर्षाचं. हा आजार ठरला, तर यंदाचं वर्ष हिशेबात धरू नका. पण मुलगी हिशेबात धरा. त्याच ५७७ जणांच्या अभ्यासात दोन वर्षांनी सुमारे ८१ टक्के जण स्वतःचं सगळं स्वतः करण्याइतके बरे झाले होते. सुधारणा महिन्यांनी मोजायची, आठवड्यांनी नाही, आणि ती उलट्या क्रमानं येते. आधी नाडी-श्वास स्थिर, मग हालचाली थांबतात, मग शब्द, आणि वागणं सगळ्यात शेवटी. मधल्या काळात ती हावऱ्यासारखी खाईल, फार झोपेल, चारचौघांत नको ते बोलेल. तो तिचा स्वभाव बिघडलेला नाही. साधारण १२ टक्क्यांना दोन वर्षांत आजार उलटतो, म्हणून पुन्हा झोप उडाली की वाट बघायची नाही. घरात धाकटं भावंड असेल तर त्याला तिच्यापासून लागण होत नाही, एका ताटात जेवू द्या.

त्या पंधरा वर्षांच्या मुलीनं दीड वर्षानं दहावीची परीक्षा दिली. गणितात आधी हुशार होती, आजारानंतर मात्र बीजगणित अडायचं, पाढे नाही. ॲडमिट असतानाचे दिवस तिला आजही आठवत नाहीत, या आजारात तसं होतं. एकदा फॉलो-अपला आली तेव्हा आईला म्हणाली, ते पान मला दे. आईनं ते पर्समध्येच ठेवलं होतं. तिनं सगळं वाचलं आणि म्हणाली, "चहात मीठ? कुणी प्यायला तो?" बाबांनी, आई म्हणाली, पूर्ण कप.

भावाचा फोन लागला का? देवासहून निघताना पाण्याची बाटली सोबत असू दे, पण ती झोपाळलेली असेल तर तोंडात काही घालू नका. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.